सासऱ्यांची हाय लाइन

सासरे माझ्याशी बावीस वर्षांत दोनच शब्द बोलले होते. एक हाय आणि दुसरा नाय. तब्येत बरी आहे ना? हाय. काही त्रास? नाय. तिकडे पाऊस आहे का? हाय. एवढ्यावर आमचा संसार, म्हणजे माझा आणि त्यांचा, सुखाने चालला होता.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी पनवेलला आलो आणि इथल्याच आगरी घरातली मुलगी पसंत केली. तिनेही मला केलं, हे विशेष. मागणी घालायला उरणकडे, करंजा बंदराजवळच्या तिच्या गावी गेलो तेव्हा सासरे ओटीवर बसून दोरी वळत होते. मी घरून पाठ करून आलेलं वाक्य एका दमात म्हटलं, "तुमच्या मुलीचं माझ्यावर प्रेम आहे, आम्ही लग्न करू का?" त्यांनी दोरीवरून नजर न काढता म्हटलं, "हाय." संपलं. माझ्या काकांनी मुलीकडच्यांशी घालायच्या वादाची जी तयारी करून आणली होती ती तशीच गाडीतून परत नेली.

गेल्या वर्षी सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला करायचं ठरलं आणि महिनाभर ते आमच्याकडे, विचुंब्याच्या फ्लॅटवर, राहायला आले. लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं मानणारी ती पिढी. मुलीने हट्ट केला म्हणून आले खरे, पण येताना एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात वीस लिटरचा प्लास्टिकचा कॅन, गावच्या पाण्याने काठोकाठ भरलेला. तो कॅन त्यांनी आमच्या वॉटर प्युरिफायरच्या खाली नेऊन ठेवला. चार दिवसांत पाणी संपलं. पाचव्या दिवशी गोळी गिळायची म्हणून त्यांनी आमचं अर्धा पेला पाणी घेतलं. त्यानंतर दिवसभर काही ना काही गोळी गिळायचं निमित्त ते काढू लागले, पण नुसतं पाणी मागितलं नाही. रिकामा कॅन मात्र धुऊन, उलटा करून, दाराशी ठेवला.

माझ्याकडे भरपूर रजा साठली होती आणि बायकोच्या शाळेत परीक्षा चालू होत्या, त्यामुळे डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं. दर दोन तासांनी एक थेंब. पहिल्याच सकाळी शाळेत निघताना बायकोने मला जिन्यात बोलावून घेतलं.

"महिनाभर ते इथे आहेत," ती म्हणाली. "तेवढ्यात त्यांना कायमचं राहायला तयार कर."

"मी? ते माझ्याशी बोलत नाहीत."

"माझ्याशी भांडतात. तुझ्याशी भांडणार नाहीत, जावई आहेस."

ती थट्टा करत नव्हती. सासूबाई गेल्यापासून सासरे गावी एकटेच राहत होते. त्याआधीच्या पावसाळ्यात ते मोरीत घसरून पडले होते आणि शेजारीण कोथिंबीर मागायला आली म्हणून ते कळलं होतं. बायको म्हणायची, त्या बाईच्या घरी त्या दिवशी कोथिंबीर असती तर? ह्या प्रश्नाने तिला झोप लागत नसे. मी होकार दिला आणि वर येऊन पहिला थेंब घातला.

आता खेळाबद्दल सांगायला हवं. आमची मुलगी बंगलोरला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप घरी ठेवून गेली, आणि त्यात फुटबॉलचा संघ चालवायचा एक खेळ होता. ह्यात आपण चेंडूला पाय लावायचा नसतो. आपण मॅनेजर. संघ निवडायचा, डावपेच आखायचे आणि मैदानाबाहेर उभं राहून तळमळायचं. टीव्हीवर मॅच बघून मी आरडाओरडा करतो, तेव्हा स्वतःच करून बघा एकदा, असं म्हणून तिने मला तो शिकवला होता. इंग्लंडातला, अगदी खालच्या पायरीवरचा, एक गरीब क्लब मी घेतला होता. वर्षभरात तो आणखी गरीब झाला होता.

त्याचं कारण माझा स्वभाव. ह्या खेळात मॅनेजरच्या हाताखाली चार उपप्रशिक्षक असतात आणि प्रत्येक मॅचच्या आधी ते बैठक घेऊन सल्ला देतात. आमच्यातला एक घाईवाला होता, तो नेहमी म्हणायचा वेग वाढवा, वर चढा. दुसरा सबुरीवाला, त्याला सगळे खेळाडू आपल्याच गोलपाशी उभे हवे असायचे. तिसरा दमवाला, कोण किती थकलाय तेवढंच बघायचा. चौथा आकडेवाला, तो काय म्हणायचा ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. प्रत्येक सल्ल्याखाली तीन बटणं: मान्य, अमान्य, नंतर बघू. आता, मी कंपनीत सव्वीस वर्षं कोणाच्या तरी हाताखाली काढली आहेत. माझे किती सल्ले साहेबांनी चहाच्या कपाखाली ठेवले ते मला माहीत आहे. त्यामुळे कोणाचाही सल्ला अमान्य करणं मला जमायचं नाही. मी सगळ्यांचेच मान्य करायचो. घाईवाल्याचं मान्य, सबुरीवाल्याचंही मान्य. मग माझे खेळाडू निम्मे वर पळायचे, निम्मे मागे उभे राहायचे, आणि मधल्या मोकळ्या जागेतून समोरचा संघ हवा खात गोल करून जायचा.

सासरे आले त्याच आठवड्यात क्लबच्या संचालक मंडळाने मला पत्र पाठवलं. पाच सामन्यांत सुधारणा झाली नाही तर नारळ. म्हणजे बायकोने एक महिना दिला होता आणि ह्यांनी पाच मॅच. दोन्हीकडे एकदमच मुदत लागली.

सासऱ्यांना टीव्ही-लॅपटॉपचा पडदा बघायला डॉक्टरांनी मनाई केली होती. काळा चष्मा लावून ते हॉलमधल्या खुर्चीत बसायचे, तोंड पंख्याकडे. आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतंच, म्हणून दोन थेंबांच्या मधल्या वेळात मी मॅच लावायला लागलो आणि शांतता फार खुपायला लागली की उपप्रशिक्षकांचे सल्ले मराठी करून मोठ्याने वाचायचो. घरात माणूस बसलेला असताना एकट्याने इंग्लंड चालवणं बरं दिसत नाही.

त्या दिवशी घाईवाला म्हणत होता की बचावाची फळी वर न्या. ह्याला त्यांच्या भाषेत हाय लाइन म्हणतात. मराठी पटकन सुचलं नाही म्हणून मी तसंच विचारलं, "बाबा, हा म्हणतो हाय लाइन. काय करू?"

सासऱ्यांनी पंख्याकडे बघितलं. पंखा फिरत होता.

"लाइन हाय," ते म्हणाले.

इतक्या ठाम आवाजात त्या घरात माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. मी घाईवाल्याचं मान्य केलं, बाकी तिघांचं आयुष्यात पहिल्यांदा अमान्य केलं आणि आम्ही तीन-शून्यने जिंकलो. मी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांनी पुन्हा एकदा पंख्याकडे बघितलं. लाइन म्हणजे वीज, आणि ती गेली आहे का असं मी विचारतोय असं त्यांना वाटलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की माझ्या घरात पाचवा प्रशिक्षक आला आहे.

मग तो रिवाजच झाला. थेंब घालायचा, पाच मिनिटं डोळा मिटून ठेवायचा, तेवढ्यात मी चारही सल्ले वाचायचे. "दमवाला म्हणतोय, उजवीकडचा बचावपटू दमलेला आहे, त्याला बसवा." सासरे: "हाय." बसवला. त्याच मॅचला, "सबुरीवाला म्हणतोय, गोलकीपर घाबरट आहे, बदला." सासरे: "नाय." ठेवला. त्या मॅचला त्याने दोन गोल खाल्ले, पण शेवटच्या मिनिटाला एक असा अडवला की मी खुर्चीवर उभा राहिलो. दोन-दोन. "आकडेवाला म्हणतोय, समोरच्या संघाची डावी बाजू कच्ची आहे, तिथून चढा." सासरे: "हाय." चढलो. जिंकलो.

चौथी मॅच आम्ही हरलो, पण त्या दिवशी चारही उपप्रशिक्षकांचं एकमत होतं आणि सासरे झोपले होते.

मला राहवलं नाही. एकदा थेंब घालता घालता विचारलं, "बाबा, तुम्हाला न बघता कसं कळतं?" हाय-नायमध्ये उत्तर बसत नव्हतं म्हणून ते अडचणीत आलेले दिसले. चष्मा लावला, काढून पुसला, परत लावला.

"तुमचा आवाज," ते म्हणाले.

सासरे तरुणपणी मिठागरात होते. ते बंद पडल्यावर करंज्याच्या बंदरावर होड्यांना बर्फ पुरवायचे. रोज पहाटे मासळीचा लिलाव उभा राहून ऐकायचे. बोली लावणाऱ्याला खरंच माल हवाय की नुसता भाव चढवतोय, हे त्यांना तोंड न बघता कळायचं म्हणे. ही माहिती मला बायकोने पुरवली. म्हणजे माझा आवाज ऐकून ते ठरवत होते. दमवाल्याचं वाचताना मला स्वतःला तो खेळाडू दमलेला वाटत असेल तर हाय. गोलकीपर घाबरट आहे हे मला मनातून पटत नसेल तर नाय. इंग्लंडातल्या चौघांना पगार देऊन जे सुचत नव्हतं ते मलाच ठाऊक होतं आणि ते मला सासरे सांगत होते. मी इतका खूश झालो की त्या दिवशी दोन थेंब घातले.

पाचवी मॅच जिंकली. संचालक मंडळाचं अभिनंदनाचं पत्र आलं. मी ते सासऱ्यांना वाचून दाखवलं, अगदी "मॅनेजरच्या दूरदृष्टीबद्दल" हे शब्दसुद्धा. ते खुर्चीत जरा सैल होऊन बसले. मला वाटलं, हीच वेळ. अंगात जिंकल्याचं वारं होतं. मी त्याच दमात, सल्ला वाचावा तसं म्हटलं, "बाबा, गावी तुम्ही अगदी एकटे आहात. आता इथेच राहा."

सासऱ्यांनी काळा चष्मा माझ्याकडे वळवला. बावीस वर्षांत ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिल्याचं मला आठवत नाही.

"हाय," ते म्हणाले.

बायको शाळेतून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. "झालं काम," मी म्हटलं. "हो म्हणाले."

"बाबा? हो म्हणाले?"

"एका शब्दात."

ती चप्पल न काढता तशीच आत गेली, त्यांच्याकडे बघून बाहेर आली आणि स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुला काय हवं ते सांग आज, करते." मी भरलेलं पापलेट मागितलं. लाजायचं काही कारण मला तेव्हा दिसत नव्हतं.

त्यानंतर तिने कामं उरकायचा सपाटा लावला. ती बोलून दाखवत नव्हती, कारण बाबांचं मन पालटेल अशी तिला भीती होती, आणि त्यांच्याशी विषय काढला की भांडण होतं हे तिला माहीत होतं. "ठरलंय ना, मग आता उकरायचं नाही," असं तिने मलाही बजावलं. मुलीच्या खोलीत दिवाण आणला. तो आला तेव्हा मी विचारलं, "बाबा, दिवाण चांगला आहे ना?" ते म्हणाले, "हाय." खिडकीला पडदे लागले. गावच्या शेजारणीला, त्या कोथिंबीरवालीला, फोन करून बायकोने सांगितलं की घराची किल्ली तुमच्याकडेच असू द्या आणि कोंबड्या आता तुम्हीच ठेवा. सासऱ्यांच्या पाच कोंबड्या होत्या. शेजारणीने आनंदाने ठेवल्या.

इकडे क्लबात नवा प्रश्न आला. माझ्या संघात एक म्हातारा बचावपटू होता, छत्तीस वर्षांचा. फुटबॉलमध्ये छत्तीस म्हणजे फार झालं. पंधरा वर्षं तो त्याच क्लबात होता. चारही उपप्रशिक्षक एका सुरात म्हणाले, आता त्याला मोकळा करा. घाईवाला म्हणाला तो हळू आहे, सबुरीवाला म्हणाला तो उतावळा आहे, दमवाला म्हणाला थकलाय, आणि आकडेवाल्याने एक आलेख काढून दाखवला जो सगळा खालीच जात होता. मी सगळं वाचलं आणि थांबलो. हाय की नाय?

सासऱ्यांनी दोन्हींपैकी काहीच म्हटलं नाही. डोळे मिटलेलेच होते, थेंब गालावर आला होता.

"त्याला इचारलं का?" ते म्हणाले.

अख्खं वाक्य! कर्म, क्रियापद, प्रश्नचिन्ह, सगळं मला उद्देशून. मी इतका हरखलो की त्या वाक्यात काय होतं ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही. बायकोला फोन करून सांगितलं, "बाबा माझ्याशी वाक्य बोलले." तिने वर्गातून बाहेर येऊन फोन घेतला होता. ती म्हणाली, "काय बोलले?" मी म्हटलं, "फुटबॉलचं." तिने ठेवून दिला.

त्या खेळात खेळाडूशी स्वतः बोलायची सोय असते. वर्षभरात मी ती कधी वापरली नव्हती. चार चार जण त्यांच्याबद्दल सांगत असताना त्यांनाच काय विचारायचं? मी त्या म्हाताऱ्याला विचारलं. त्याचं उत्तर आलं की त्याला बाकावर बसायला चालेल, फार खेळवलं नाही तरी चालेल, पण ह्याच गावात राहायचं आहे. मी ते मराठी करून वाचलं. सासऱ्यांनी मान हलवली. मी त्याला ठेवला आणि माझ्या शहाणपणाचं मला कौतुक वाटलं. दिवाणावरच्या नव्या गादीचं प्लास्टिक तेव्हा मी स्वतः फाडत होतो.

महिना संपला. डॉक्टरांनी डोळा तपासला, छान झालाय म्हणाले, चष्मा उतरवला. रिक्षातून घरी आलो. त्या दिवशी बायकोने सुट्टी घेतली होती आणि गोड म्हणून नारळाच्या वड्या केल्या होत्या. आम्ही दोघं स्वयंपाकघरातून ताट घेऊन बाहेर आलो तर सासरे नव्या दिवाणाच्या कडेवर बसले होते. पायात चपला. मांडीवर पिशवी. हातात रिकामा कॅन.

"बाबा, कुठं चाल्ले तुमी?" बायकोने विचारलं.

"घरा."

"कंच्या घरा? इथंच रावाचं ठरलंय ना?"

"कोनी ठरवलं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. ताट तिच्या हातात होतं म्हणून बरं.

"तू म्हणालास ते हो म्हणाले."

"म्हणाले होते. मी समोर होतो."

"शब्द सांग. काय शब्द होता?"

"हाय."

ती मोठा श्वास घेऊन स्टुलावर बसली. "आणि तू काय विचारलं होतंस? तेही सांग, जसंच्या तसं."

मी सांगितलं. गावी तुम्ही अगदी एकटे आहात, आता इथेच राहा.

"हाय म्हणजे हो नाही रे," ती म्हणाली. "हाय म्हणजे आहे. तुझं पहिलं वाक्य खरं आहे, एवढंच म्हणाले ते. एकटा आहे. त्यांना राहायचं असतं तर रातू, राहतो, म्हणाले असते."

हाय म्हणजे आहे हे काय मला माहीत नव्हतं? इतकी वर्षं इथे राहतोय. पण माणूस दोनच शब्द बोलत असेल आणि त्यातला एक नाय असेल, तर दुसऱ्याचा हो करण्याची चूक कोणाच्याही हातून होईल, असं मी म्हणायला गेलो. आणि मध्येच मला ते दिसलं. उजवीकडचा दमलेला आहे. हाय. डावी बाजू कच्ची आहे. हाय. त्यांनी एकदाही मला बसवा, चढा, बदला असं सांगितलं नव्हतं. आहे ते आहे, नाही ते नाही, एवढंच सांगितलं होतं. पुढचं सगळं मीच केलं होतं. मग आणखी एक गोष्ट लक्षात आली.

"मागणी घालायला आलो होतो तेव्हा..." मी म्हटलं.

"तुमच्या मुलीचं माझ्यावर प्रेम आहे," बायको म्हणाली. "ते होतंच. लग्नाचं बोललेच नाहीत ते."

"तुला माहीत होतं?"

"मला लग्न करायचं होतं," ती म्हणाली.

सासरे हे सगळं नव्या डोळ्याने बघत होते. मला फार लाज वाटली. त्या माणसाने मला महिनाभर खरं तेवढंच सांगितलं होतं, आणि मी दर वेळी ते कुठल्या कुठे नेऊन ठेवलं होतं.

बायको त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आता ती भांडेल असं मला वाटलं, पण ती भांडली नाही. "बाबा, तुमी पडले तवा कोन नव्हतं," ती म्हणाली. "मना रातचं झोप नाय."

"हाय," सासरे म्हणाले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "एकटा हाय. पन घर हाय ना बाय. कोंबऱ्या हाईत."

ह्यावर आम्ही दोघंही जमिनीकडे बघायला लागलो. शेवटी बायकोने उठून गावी फोन लावला. शेजारीण म्हणाली, कोंबड्या आहेत की, काल पाहुणे आले होते तेवढी एक सोडून. बायकोने फोनवर हात ठेवून ते वडिलांना सांगितलं. सासरे बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कोंबडी कोणाच्या भाषांतरामुळे गेली हे त्यांना न सांगता कळलं होतं.

मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. जाताना बायकोने कॅन आमच्या पाण्याने भरून दिला आणि त्यांनी तो घेतला, बसच्या पायऱ्यांवरून तो वर चढवायलाही मला सांगितलं. मी त्यांना खिडकीपाशी बसवलं. बोलायचं म्हटलं तर माझं चुकलं म्हणायचं होतं, पण त्यावरही ते हाय म्हणाले असते. म्हणून नुसता खाली उतरून उभा राहिलो. उरणची बस निघाली, मग कोणी तरी धावत आलं म्हणून थांबली. तेवढ्यात त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आयतवारी येन," ते म्हणाले. "म्याच हाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा, शब्द न बदलता, त्यांच्याच बोलीत सांगितलं. तिने ते मला दोनदा म्हणायला लावलं.

मॅच रविवारी वगैरे काही नसते. त्या खेळात मी बटण दाबीन तेव्हा मॅच असते. सोमवारी दाबलं तर सोमवारी. पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही. दर रविवारी अकराच्या सुमाराला ते कॅन घेऊन येतात, आता रिकामा आणतात आणि भरून नेतात. दिवाणावर बसतात, पडद्याकडे पाठ करून. मी सल्ले वाचतो. म्हातारा बचावपटू बाकावर असतो. मधल्या सहा दिवसांत मी बटणाला हात लावत नाही. इंग्लंडातले चारही उपप्रशिक्षक सल्ले घेऊन, दोन्हीकडचे बावीस खेळाडू बूट बांधून, प्रेक्षक, पंच, संचालक मंडळ, सगळे सोमवारपासून उभे असतात, उरणच्या एसटीची वाट बघत.